अकरावीची पोरं आम्हाला द्या, पाचवीची पोरं त्यांना द्या

नाशिक शहरातल्या सगळ्या शाळांचे मुख्याध्यापक आणि ज्युनियर कॉलेजचे प्राचार्य यांना,

सर, मॅडम, नमस्कार.

बंद पाकिटातली पत्रं खूप देऊन झाली म्हणून आता हे खुलं लिहितेय. आवक-जावकचा शिक्का मिळतो, ऑफिसमधले काका चहा पण विचारतात, आणि मग पुढच्या आठवड्यात फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये, सर ट्रेनिंगला, परीक्षा झाल्यावर बघू. परीक्षा झाल्यावर ऊन सुरू होतं आणि उन्हात मी कुणाच्याच लेकरांना डोंगरावर नेणार नाही, त्यामुळे ते वर्ष गेलं.

तर आम्ही काय करतो ते आधी थोडक्यात सांगते. आम्ही काही हौशी माणसं आहोत, कुणी बँकेत, कुणी अंबडला कंपनीत, एकजण निवृत्त शिक्षक. पाचवी ते आठवीच्या मुलांना आम्ही एका दिवसासाठी बाहेर नेतो, कधी पांडवलेणीच्या पायथ्याला, कधी सोमेश्वरकडे, कधी त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या बाजूला. सकाळी साडेसातला निघायचं, दीडच्या आत घरी. मुक्काम नाही, टेंट नाही, कॅम्पफायर तर नाहीच नाही. आणि या शिबिरात शिकवणारे, म्हणजे पुढे चालणारे, आम्ही मोठे नसतो. अकरावी-बारावीची मुलंमुली असतात. दहा-बारा छोट्यांमागे दोन मोठी. प्रत्येक गटामागे आमच्यातला एक मोठा माणूस असतोच, पण त्याने शिट्टी, फर्स्ट एड आणि पाण्याचा कॅन सांभाळायचा आणि तोंड बंद ठेवायचं. हे तोंड बंद ठेवणं फार अवघड आहे, आमच्या निवृत्त सरांना विचारा.

आता तुम्ही म्हणाल की मुलं बाहेर न्यायला आम्ही कधी नाही म्हटलं. बरोबर. तुम्ही पाचवीच्या मुलांना हो म्हणता. अडतं ते त्या अकरावीवाल्यांपाशी. त्यांना सोडायचं म्हटलं की अटेंडन्स, क्लास, सीईटी, नीट, आणि मग वरून सूचना येते की त्यापेक्षा आमचेच दोन शिक्षक पाठवतो, ते देतील माहिती. नको ना सर. माहिती द्यायला वर्ग आहे, बेंच आहे, आता तर स्मार्ट बोर्ड पण आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या शिबिरातून त्या मोठ्या पोरांना काढलं तर शिबिर म्हणजे सहल उरते, आणि सहली तुम्ही काढताच.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. अंजनेरीच्या पायथ्याला एक ओढा आहे, दिवाळीच्या आधी त्याला घोट्याइतकं पाणी असतं, स्वच्छ, तळाचे दगड दिसतात. आमच्याबरोबर अकरावीची एक मुलगी होती, मूळची सुरगाण्याकडची, नाशिकला हॉस्टेलवर राहून शिकणारी. येताना गाडीत एक शब्द बोलली नव्हती, खिडकीला डोकं लावून बसलेली. तिच्या गटात सगळी गंगापूर रोड, कॉलेज रोडकडची पोरं, सगळ्यांचे बूट तिच्या बुटांपेक्षा महाग. ओढ्यावर गेल्यावर तिने चपला काढल्या, म्हणजे बूट काढले, आम्ही नको म्हणेपर्यंत पाण्यात, आणि एका दगडाला काठीने जरासं उचकटून त्याच्याखालून खेकडा काढला. पाठीमागून, अंगठा आणि बोट पाठीच्या दोन कडांना, म्हणजे नांग्या पोचत नाहीत. पोरं किंचाळून मागे पळाली आणि मग हळूहळू सगळी पुढे सरकली. तिने तो उलटा केला आणि पोटावरची पट्टी दाखवली, निमुळती त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी, हा बघा नर. मादी असती तर तिच्या त्या पट्टीखाली अंडी असतात आणि कधी कधी बारीक बारीक पिल्लं पण असतात, ती सोडून द्यायची, आमच्याकडे सोडून देतात असं तिने सांगितलं. एका पोराने विचारलं, ताई तू हे कोणत्या क्लासला शिकलीस? ती हसायला लागली. मग तिने खेकडा होता तिथेच ठेवला आणि दगड होता तसा लावला, आणि दगड परत तसाच का लावायचा यावर तिथे पाण्यात उभं राहून जी चर्चा झाली ती कुठल्याही परिसर अभ्यासाच्या पुस्तकात नाही. दगडाखाली चतुराच्या अळ्या होत्या, दगड उलटा ठेवला की त्या उन्हात मरतात, एवढी साधी गोष्ट. परत येताना गाडीत तिच्या शेजारच्या सीटसाठी भांडणं.

ही मुलगी तुमच्या निबंध स्पर्धेत कधी पहिली आली नसती. आणि तुम्ही आम्हाला जी यादी पाठवता ना "निवडक विद्यार्थी" म्हणून, त्यात तिचं नाव नव्हतंच, ती आमच्याकडे तिच्या मैत्रिणीमुळे आली. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकला आहे, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणची किती मुलं शहरात हॉस्टेलला राहून शिकतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. करवंदीची जाळी कधी पिकते, मोहाची फुलं पहाटे का वेचतात, कुठल्या झाडाखाली बसू नये, हे या पोरांना येतं आणि शहरात आल्यावर ती ते लपवायला शिकतात. तुम्ही यादी करताना टॉपर शोधू नका, एवढं तरी करा. वर्गात शेवटच्या बेंचवर बसून खिडकीबाहेर बघणारा जो आहे ना, तो द्या.

तुमच्या टॉपरांबद्दल माझी काही तक्रार नाही, चांगली पोरं असतात, फक्त त्यांना सगळं माहीत असावं लागतं आणि शिबिरात ते अडतं. परवा आमच्या दोन्ही मोठ्या पोरांना एका छोटीने विचारलं, हा किडा चावतो का? एकाने गुगल उघडलं आणि दुसरा म्हणाला मला पण नाही माहीत, तू लांबून बघ आणि तो कुठे जातो ते मला सांग. तो दुसरा मला पाहिजे. शिक्षकांना असं म्हणणं जड जातं, त्यांचा दोष नाही, पन्नास मुलांसमोर मला माहीत नाही म्हटलं की संपलं. सतरा वर्षांच्या पोराला त्यात काही वाटत नाही, आणि दहा वर्षांच्या पोराला सतरा वर्षांचा दादा म्हणजे काय असतो हे वेगळं सांगायला नको, तो जसा चालेल तसं हे चालणार, त्याने वेफर्सचा पुडा खिशात घातला की सगळ्यांचे पुडे खिशात.

आता मुद्द्यावर येते, कारण तुम्ही विचाराल हे बसवायचं कुठे, वेळापत्रकात जागा कुठे आहे. जागा आहे. कागदावर सगळं आधीच आहे, मी नवीन काहीच मागत नाहीये.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी 10 दिवस दप्तराविना सांगितलेत. आपल्या राज्यात पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे उपक्रमांचा दिवस, आहे. म्हणजे छोट्यांचे दिवस झाले. आता मोठ्यांचं बघा. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हा सक्तीचा विषय आहे, त्याला प्रकल्प आहे, वही आहे. तो प्रकल्प कसा होतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये, मी इथे खुल्या पत्रात लिहायला पाहिजे असं नाही, पण लिहितेच. फेब्रुवारीत कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभं राहा. "नदी प्रदूषण: कारणे व उपाय", वीस पानं, कव्हरवर गंगेच्या घाटाचं चित्र, बनारसच्या! गोदावरी इथून दोन किलोमीटरवर. ज्याचा प्रकल्प आहे त्याने तो वाचलेला नसतो आणि ज्यांनी तपासायचा त्यांच्याकडे इतक्या वह्या असतात की त्यांनी तरी काय करावं.

मग त्याऐवजी हे का नाही, की ज्याने दोन रविवार ट्रेनिंग घेतलं आणि दोन शिबिरांत गट सांभाळला, त्याचा प्रकल्प म्हणजे त्या शिबिराची वही? ओढ्यावर काय दिसलं, पाणी कसं होतं, छोट्यांनी काय विचारलं, कशाचं उत्तर आलं नाही. हाताने लिहिलेली आठ पानं, चिखलाचे डाग असतील तर उत्तम. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, असेल तर आणखी सोपं, तिथे वर्षाला 120 तास भरायचेच असतात, 1969 पासून ही योजना चालू आहे आणि ते तास बरेचदा आवारातलं गवत उपटण्यात जातात. शिबिराचे तास त्यात धरा. एवढं एक परिपत्रक तुमच्या पातळीवर तुम्ही काढू शकता, त्याला मंत्रालयात जावं लागत नाही. अटेंडन्सचा प्रश्न पण तिथेच सुटतो कारण तो मुलगा "गैरहजर" नसतोच, विषयाच्या कामावर असतो.

हे काही जगावेगळं नाही हो. अमेरिकेत ऑरेगन राज्यात आउटडोर स्कूल म्हणून प्रकार आहे, पाचवी-सहावीची पोरं निसर्गात जातात आणि हायस्कूलची मोठी पोरं स्वयंसेवक म्हणून त्यांचे गट सांभाळतात, 1957 पासूनची गोष्ट. तिकडे तर राहायचं शिबिर असतं, कित्येक दिवसांचं. 2016 मध्ये लोकांनी मतदान करून लॉटरीच्या उत्पन्नातला वाटा त्याला द्यायचं ठरवलं. आपल्याकडे लॉटरी नको, मतदान नको, फक्त प्राचार्यांची एक सही पाहिजे.

सुरक्षेचं बोलते, कारण पालक तुम्हाला धरतात, आम्हाला नाही, आणि तुमची भीती मला खोटी वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं स्वतःच अजाण आहेत कायद्याने, त्यामुळे जबाबदारी त्यांची नसतेच, आम्हा मोठ्यांची असते, हे आम्ही संमतीपत्रात स्पष्ट लिहितो. जुलै ते सप्टेंबर आम्ही नदीच्या पात्रात पाऊल ठेवत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की काय होतं ते नाशिककराला सांगायची गरज नाही, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं हे विचारतच आपण मोठे झालो. पावसाळ्यात डोंगराचा पायथा, आणि तोही लख्ख उजेडात. बिबट्याचं म्हणाल तर म्हणूनच साडेसातच्या आधी नाही आणि संध्याकाळ तर नाहीच, आणि कुणीही एकटं झुडपाआड जायचं नाही. लेण्यांकडे, किल्ल्यांकडे आग्या मोहोळं असतात, त्यामुळे सेंट लावून यायचं नाही, आरडाओरडा नाही, दगड मारणाऱ्याला त्याच दिवसापुरतं गाडीत बसवून ठेवतो. जोड्या लावलेल्या असतात, दर अर्ध्या तासाला शिट्टी आणि मोजणी. दगड उचलायचा तर आधी काठी, हात नंतर, आणि उचलायचा तो आपल्यापासून लांबच्या बाजूने, म्हणजे खाली साप-विंचू असेल तर त्याला पळायला वाट आपल्या विरुद्ध दिशेला मिळते. हे सगळं मोठी पोरं छोट्यांना शिकवतात आणि शिकवायचं म्हणून स्वतः पाळतात. एरवी यांना हेल्मेट घाल म्हटलं तर घालत नाहीत.

पण खरी अडचण बिबट्या नाही, टॉयलेट आहे. कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. अकरावीच्या मुली पहिल्या शिबिराला येतात आणि दुसऱ्याला येत नाहीत, आणि विचारलं तर घरी काम होतं म्हणतात. आता आम्ही जागा ठरवताना झाडं नंतर बघतो, आधी टॉयलेट बघतो, आणि त्यातलं नळाचं पाणी बघतो. पांडवलेणीच्या पायथ्याला ते जमतं. बाकी बऱ्याच ठिकाणी नाही जमत. तुमच्यापैकी ज्यांच्या शाळा अशा जागांच्या जवळ आहेत, मखमलाबाद, म्हसरूळ, सातपूर, पाथर्डी फाटा, त्यांनी शनिवारी सकाळी फक्त शाळेचं टॉयलेट उघडं ठेवलं ना, तरी आमच्या निम्म्या मुली टिकतील. पैसे नकोत, हार-तुरे नकोत, चावी द्या.

हार-तुऱ्यांवरून आठवलं. एका शाळेने, नाव नको, शिबिराच्या सकाळी दीपप्रज्वलन ठेवलं. डोंगराच्या पायथ्याला. वाऱ्याने वात टिकेना, चार जण हाताचा आडोसा करून उभे, मग पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं भाषण "पर्यावरणाचे महत्त्व", मग एक रोप आणि त्या एका रोपाला नऊ हात लावून फोटो. पोरं उन्हात मांडी घालून, तोवर सव्वादहा वाजले, आणि सव्वादहाला पक्षी काय तुमची वाट बघत बसतात का? ज्या दोन मोठ्या पोरांनी आठवडाभर तयारी केली होती त्यांना सूत्रसंचालक "आपले बालस्वयंसेवक" म्हणाले. मिशा फुटलेली पोरं ती! त्यातला एक परत आलाच नाही आणि मी त्याला दोष देत नाही.

रोपांचं पण एकदा बोलून घेते. लावा ना झाडं, कोण नको म्हणतंय, सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर लोकांनी 2015 पासून देशी झाडं लावून, पाणी घालून देवराई उभी केली, तिथे पोरांना नेलं की कळतं झाड लावणं म्हणजे पहिला दिवस नसतो, पुढची सगळी वर्षं असतात. पण दरवर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो, यात मुलांना काय शिकवतो आपण? त्यापेक्षा उभं आहे ते झाड ओळखू द्या. 2025 च्या शेवटी तपोवनातल्या झाडांवरून शहरात केवढं रान उठलं, सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तोड होणार म्हणून, कॉलेजची किती पोरं तिथे बोर्ड घेऊन उभी होती. मला अभिमान वाटला. आणि ज्या झाडाला कवटाळून फोटो काढत होते ते कुठलं झाड म्हणून विचारलं तर एकमेकांकडे बघत होते. कडुलिंब होता हो. त्या पोरांवर मी हसत नाहीये, गोदावरीची लांबी 1465 किलोमीटर त्यांना पाठ आहे, आपण त्यांना तेवढंच दिलं.

सिंहस्थ आलाय, रस्ते खोदलेत, बसेस वळवल्यात, आता कुठे हे शिबिर असं पण कुणी म्हणेल. उलट आत्ताच. गावभर नदीचं नाव निघतंय, येणारा प्रत्येक माणूस गोदावरीत उतरायला येतोय, आणि आपल्या पोरांना नासर्डी, म्हणजे आता जिला नंदिनी म्हणतात, ती गोदावरीला जाऊन मिळते हे माहीत नाही. त्यांच्यासाठी तो नाला आहे, नाक दाबून पूल ओलांडायचा. आमची एक बारावीची मुलगी तिच्या गटाला मुद्दाम आधी तिथे पुलावर उभी करते आणि मग सोमेश्वरला नेते, स्टीलच्या ताटलीत दोन्हीकडचं पाणी घेऊन दाखवते, घरातली ताटली, बाकी काही उपकरण नाही. पाणवेली कुठे वाढते, कुठे नाही, का. ती स्वतः काही निष्कर्ष सांगत नाही. पोरं सांगतात, आणि घरी जाऊन आईबाबांना निर्माल्यावरून असं काही धारेवर धरतात की पालकांचे मला फोन येतात.

जमलं तर हिवाळ्यात एक दिवस निफाडकडे नांदूर मध्यमेश्वरला. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या जिल्ह्यात आहे, 2020 ला जाहीर झालं, आणि ते कसं तयार झालं तर गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं, पक्षी आले. माणसाने बांधलेल्या बंधाऱ्यातून अभयारण्य, हे ऐकून आठवीची पोरं जे प्रश्न विचारतात ना, त्यावर माझ्याकडे पण उत्तर नसतं. तिकडे मात्र गाडी लागते आणि महापालिकेच्या शाळांना ते परवडत नाही, म्हणून ज्या मोठ्या शाळांच्या स्वतःच्या बसेस शनिवारी नुसत्या उभ्या असतात त्यांनी एक बस शेजारच्या मनपा शाळेसाठी काढावी, डिझेल आम्ही वर्गणी काढून भरतो. दोन्ही शाळांची पोरं एकाच गटात मिसळून, हे माझं जरा हट्टाने आहे. वेगवेगळे गट करा असं एका ठिकाणी सुचवण्यात आलं होतं, मी नाही केले.

तर मागणं एवढंच. दिवाळीनंतर शाळा उघडल्या की नोव्हेंबर ते जानेवारीतले दोन शनिवार लेखी द्या. ज्युनियर कॉलेजांनी दहा-दहा मुलंमुली द्या, मुली निम्म्या तरी, आणि त्यांचं हे काम प्रकल्पात आणि एनएसएसच्या तासांत धरू असं नोटीस बोर्डवर लावा, तोंडी नको, कारण तोंडी सांगितलेलं मार्चमध्ये कुणाला आठवत नाही. शिक्षक आले तर स्वागतच आहे, फक्त त्यांनी त्या दिवसापुरतं गटात मुलांसारखं चालायचं, आमच्या निवृत्त सरांच्या शेजारी. ट्रेनिंगचे दोन रविवार आम्ही घेतो, जागा आमची, फी नाही. छोट्यांनी टोपी, पाण्याची बाटली, घरची पोळी-भाजी, जुने बूट. मोबाइल फक्त गटातल्या एका मोठ्याकडे. अंजनेरीला न्यायचं असेल तर तो राखीव भाग आहे, वनखात्याला आधी सांगावं लागतं, तो अर्ज आम्ही करतो पण त्याला शाळेचं पत्र लागतं, तेवढं वेळेत द्या, आणि तिथलं दुर्मिळ कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, कुठे आहे ते आमची पोरं तुम्हाला दाखवणार नाहीत, तुम्ही मुख्याध्यापक असलात तरी. तो त्यांचा त्यांनी केलेला नियम आहे.

हो किंवा नाही, काहीही कळवा, पण ऑक्टोबरच्या आत कळवा. नंतर पोरांच्या सहामाही सुरू होतात आणि आमच्या मोठ्या पोरांना पण अभ्यास असतो.

आपली,
शनिवारवाली एक ताई,
इंदिरानगर, नाशिक